पारोसे पाणी

मराठी माणसाला मुरलेल्या गोष्टींचे मोठे अप्रूप आहे. लोणचे मुरावे लागते, मुरांबा मुरावा लागतो, तांदूळ जुना बरा, गूळ जुना औषधी. आणि गवई असो की वकील, तो ‘मुरलेला’ असला की आपण त्याच्याकडे आदराने पाहतो. पाण्याच्या वाट्याला मात्र हे भाग्य आलेले नाही. काल भरून ठेवलेले पाणी आज ‘शिळे’ होते. भाकरी शिळी होते म्हणजे काय ते दातांना कळते, भात शिळा होतो म्हणजे काय ते नाकाला कळते. हंड्यातल्या पाण्याचे एका रात्रीत नेमके काय बिघडते, हे मात्र कोणी सांगत नाही. तरीही पहाटे नळ आला की कालचे पाणी तुळशीला, उंबऱ्यावर किंवा थेट मोरीत ओतून ताजे भरून घेण्याचा नेम पुष्कळ घरांत आजही पाळला जातो.

या शिळेपणासाठी आपल्याकडे आणखी एक जुना शब्द आहे: ‘पारोसे’. अंघोळ न केलेला माणूस पारोसा, आदल्या दिवशीची फुले पारोशी, रात्र उलटून गेलेले पाणी पारोसे. या शब्दाच्या पोटात संस्कृत ‘पर्युषित’ आहे आणि त्याच्याही पोटात ‘वस्’ हा धातू आहे. वस् म्हणजे राहणे, मुक्काम करणे. आपली वस्ती, आपला निवास, जैनांचे पर्युषण ही सारी या धातूचीच लेकरे. तेव्हा पर्युषित म्हणजे मुळात जे मुक्कामाला राहिले ते. त्या राहण्यालाच पुढे दोष मानले गेले. पूजेच्या पाण्याला हा दोष लागतो. गंगेचे पाणी आणि तुळशीचे पान यांना तो लागत नाही, असा अपवाद परंपरेने करून ठेवला आहे. अपवाद मुद्दाम सांगावा लागला, यावरूनच नियम किती कडक असेल याची कल्पना येते.

हा शब्दविचार आमच्या डोक्यात शिरला तो एका बादलीमुळे. आमच्या पुण्याच्या घरात साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशी काचेची एक टाकी आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात चौपन्न लिटर पाणी मावेल. तळाची वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पंचेचाळीस लिटरच्या आसपास राहते. तिच्यात गप्पी मासे आहेत, काही गोगलगाई आहेत आणि फितीसारख्या लांब पानांच्या पाणवनस्पती आहेत. गप्पी हे एका माणसाचे आडनाव. त्रिनिदादमधून हे मासे ब्रिटिश म्युझियमला धाडणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून ते आले. मराठीत शिरल्यावर मात्र त्याचा कान ‘गप्पा’ आणि ‘गप्प’ अशा दोन्ही बाजूंना लागला. डासांच्या अळ्या खातात म्हणून आपल्याकडे विहिरींत आणि हौदांत हे मासे सोडतात, त्यामुळे ते परके आहेत हेही आपण विसरून गेलो आहोत. दर आठवड्याला या टाकीतले सुमारे पाव भाग पाणी काढायचे आणि तेवढेच नवे घालायचे, असा आमचा क्रम आहे. पाव भाग म्हणजे अकरा-बारा लिटर, म्हणजे एक बादली. ही बादली आम्ही नळाखाली भरतो आणि झाकण न ठेवता गॅलरीत एक दिवस, शक्य तर दोन दिवस, नुसती ठेवून देतो. तिला कधी साबण लागलेला नाही आणि लागू द्यायचा नाही, एवढीच तिची शिवाशिव.

एका वाक्यात सांगायचे तर माशांना ताजे पाणी चालत नाही, पारोसे लागते.

याचे कारण पाण्याच्या प्रवासात आहे. पानशेत, वरसगाव आणि टेमघर या तीन धरणांचे पाणी खडकवासल्यात उतरते आणि तेथून पुण्याच्या वाट्याला येते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊसच तो. पण डोंगर आणि आमचा नळ यांच्यामध्ये जलशुद्धीकरण केंद्र उभे आहे. तेथे तुरटीने गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. तो क्लोरीन तेथेच संपून चालत नाही. मैलोगणती नळांतून जाताना वाटेत एखाद्या गळक्या सांध्यातून घाण आत शिरली तर तिच्याशी झुंजायला तो थोडा तरी शिल्लक उरावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आय.एस. १०५००) एका लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक हवा. पावसाळ्यात नळ सोडताच जो उग्र वास नाकात शिरतो तो याचाच.

या वासाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. लंडनमधली पटकीची साथ एका पंपाच्या पाण्याभोवती केंद्रित झाली आहे, हे जॉन स्नो या वैद्याने १८५४ साली दाखवून दिले. अमेरिकेत जर्सी सिटीने १९०८ साली शहराच्या पाणीपुरवठ्यात क्लोरीनचे द्रव्य कायमस्वरूपी मिसळायला सुरुवात केली आणि पुढे जगभरच्या शहरांनी तो मार्ग धरला. पटकी आणि विषमज्वर यांनी घरेच्या घरे रिकामी झाल्याच्या कथा आपल्या आजी-पणजींच्या पिढीने सांगितल्या. आपल्या पिढीला त्या गोष्टींसारख्या वाटतात, याचे बरेचसे श्रेय या वासाला द्यावे लागेल. पण जे द्रव्य सूक्ष्म जंतूला मारते ते मोठ्या जिवाला ओळखून सोडून देत नाही. आपण पाणी पितो. मासा पाण्यातूनच श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांत रक्त आणि पाणी यांच्यामध्ये अतिशय तलम पडदा असतो आणि क्लोरीन प्रथम त्यालाच जाळतो. लिटरमागे मिलिग्रॅमच्या काही शतांश भागांएवढा क्लोरीनही माशांना जाचक ठरतो. म्हणजे जे प्रमाण आपल्या रक्षणासाठी किमान, तेच माशाच्या दृष्टीने पुरेसे घातक. तोंड उघडे ठेवलेल्या भांड्यातून हा वायू हळूहळू उडून जातो. ऊन लागले किंवा पाणी ढवळत राहिले तर लवकर, नाहीतर एका दिवसात, फार तर दोन.

त्या रात्रीत आणखीही काही घडते. दाबाखाली नळातून आलेल्या पाण्यात हवा प्रमाणापेक्षा अधिक विरघळलेली असू शकते. पेला भरून ठेवला की काचेला आतून बारीक बुडबुडे लगडतात, ते तिचेच. असे पाणी एकदम टाकीत गेले तर तसेच बुडबुडे माशाच्या अंगात धरू शकतात. पाण्यातला कर्बद्विप्राणील वायू बाहेरच्या हवेशी तडजोड करतो आणि त्याबरोबर पाण्याची आम्लता किंचित बदलून स्थिरावते. पहाटेचे गार पाणी खोलीच्या उष्णतेला येते. यांतले काहीही डोळ्यांना दिसत नाही. भरताना जशी दिसली तशीच बादली दुसऱ्या दिवशीही दिसते. तरी ते पाणी निराळे झालेले असते: काल ते नळाचे होते, आज ते त्या जागेचे झाले आहे.

घाई असेल त्याच्यासाठी दुकानात एक लहान बाटली मिळते. तिचे काही थेंब टाकले की क्लोरीन क्षणात निष्प्रभ होतो. आत असते सोडियम थायोसल्फेट. फोटोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत ज्यांनी कधी काम केले असेल त्यांना हेच द्रव्य ‘हायपो’ या नावाने ठाऊक असेल. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेल यांनी १८१९ साली नोंदवले आणि १८३९ साली, फोटोग्राफीच्या पहाटे, त्याचाच उपयोग छायाचित्र पक्के करण्यासाठी झाला. प्रकाश न लागलेले, अजून काळे पडण्याच्या तयारीत असलेले कण धुऊन काढले की चित्र स्थिर होते. माशांच्या बादलीतही त्याचे काम याच जातीचे आहे: जे अजून कोणाला तरी जाळायला मोकळे आहे, त्याला शांत करणे. अमेरिकेतल्या अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामीन वापरतात. ते दोन दिवसांत उडून जात नाही, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना बादली ठेवून भागत नाही, थेंबांचाच आधार घ्यावा लागतो. आमच्याकडेही ती बाटली फळीवर असते. पण थेंब फक्त क्लोरीन घालवतात. पाण्याची ऊब, त्यातली हवा, त्याचा स्वभाव यांच्यासाठी रात्रच लागते.

या निमित्ताने आम्हांस ‘शुद्ध’ हा शब्द पुन्हा तपासावासा वाटला. आमच्या घरात एकाच वेळी निदान चार शुद्धता नांदतात. देवघरातील शुद्ध पाणी म्हणजे त्याच दिवशी भरलेले. महापालिकेचे शुद्ध पाणी म्हणजे जंतू नसलेले. स्वयंपाकघरात भिंतीवर लावलेल्या आर.ओ. यंत्राचे शुद्ध पाणी म्हणजे क्षार काढून टाकलेले. आणि आमच्या आत्याच्या मते सर्वांत शुद्ध पाणी तांब्याच्या हंड्यातले. यांपैकी एकही पाणी जसेच्या तसे माशांच्या उपयोगाचे नाही. ताजे पाणी कल्ले जाळते. जंतुरहित करणारे द्रव्य ज्या उपकारक जिवाणूंवर टाकी चालते त्यांनाही मारते. नुसत्या आर.ओ.च्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे माशाला आपल्या रक्तातले मीठ राखणे कठीण जाते. तांबे तर गोगलगाई-कोळंबीसारख्या जिवांना अगदी अल्प प्रमाणातही विषारी आहे. शुद्धता आणि जगण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या टाकीपुढे बसल्यावर जितके स्वच्छ कळते तितके क्वचितच कोठे कळत असेल.

आणि महाराष्ट्रात तरी ‘शुद्ध पाणी’ हे शब्द निष्पाप नाहीत. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसे पाणी प्यायली. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी पंचगव्याने त्या तळ्याची ‘शुद्धी’ केली. म्हणजे शेणामुताने पाणी शुद्ध होते आणि माणसाच्या ओंजळीने बाटते, असा हिशेब झाला. शुद्धीच्या कल्पनेने पाण्याकडे पाहणे सोडून त्यात जगणाऱ्यांच्या बाजूने पाण्याकडे पाहायचे, एवढा साधा पालट आपल्याला किती जड गेला आणि जातो, हे ज्याचे त्याने पाहावे.

तथापि बादलीतले मुरणे हे अर्धेच मुरणे आहे. उरलेले अर्धे टाकीत होते आणि त्याला एक रात्र नव्हे, चार ते सहा आठवडे लागतात. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. तो माशालाच विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषच, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद ते काढून घेते. आणखी काही जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बऱ्याच प्रमाणापर्यंत सोसते आणि वनस्पतींना तर ते खाद्यच. मातीत चालणारे हे काम जिवाणूंचे आहे हे सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास ते जिवाणू वेगळे काढून सिद्ध केले. दोन पायऱ्या, दोन निराळ्या जाती, असेच पुढे सव्वाशे वर्षे शिकवले गेले. २०१५ साली मात्र दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारे जिवाणू सापडल्याचे दोन संशोधक-गटांनी प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका गटाला ते मत्स्यपालनाच्या गाळणीत सापडले होते.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. वाळूवर, दगडावर, फिल्टरच्या स्पंजात चिकटून वस्ती करतात. सरकणाऱ्या बोटाला जो बुळबुळीतपणा लागतो तो त्यांचाच संसार. बाहेरून पाहणाऱ्याला ती घाण वाटते. म्हणून तो स्पंज नळाखाली खसाखसा धुवायचा नसतो, टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळायचा असतो.

आमच्याच इमारतीतील एका मुलाला वाढदिवसाला काचेचा गोल वाडगा आणि दोन सोनमासे भेट मिळाले. मुलगा मनापासून जीव लावणारा. रोज शाळेतून आल्यावर तो सगळे पाणी ओतून टाकी, रंगीत खडे एकेक करून नळाखाली धुई, काच पुसून लख्ख करी आणि ताजे पाणी भरून त्यात मासे परत सोडी. सहाव्या दिवशी दोन्ही मासे गेले. त्याने आम्हांस विचारले, “मी तर रोज चांगलं पाणी देत होतो ना?” या प्रश्नाला दहा वर्षांच्या मुलापुढे काय उत्तर द्यावे? त्याचे प्रेम खरे होते, कष्ट खरे होते आणि पाणीही, आपण ज्या अर्थाने म्हणतो त्या अर्थाने, चांगलेच होते. फक्त त्या पाण्याला राहू दिले गेले नव्हते. रोज नवे घर, रोज नवी हवा, आणि राहायला आलेल्याचे सांभाळणारे कोणी नाही. आम्ही एवढेच सांगितले की माशांना जुने पाणी आवडते. त्याला ते पटले नाही. शाळेत त्याला उलटे शिकवले होते.

आता अडचणीच्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे. उन्हाळ्यात धरणे आटू लागली की नळाची वेळ कमी होते, एखादा दिवस पाणी येतच नाही आणि सोसायटीच्या फाटकाशी टँकर उभे राहू लागतात. टँकरचे पाणी पुष्कळदा बोअरचे असते; काळ्या पाषाणातून झिरपलेले, जड, ज्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात असे. गप्पी ते सोसतात. पण सोसण्याचा प्रश्न माशांपुरता नव्हता. गेल्या काही वर्षांपासून आमच्याकडे राहायला आलेली आत्या मराठवाड्यातली. अशाच एका टंचाईच्या आठवड्यात गॅलरीतली भरलेली बादली तिच्या डोळ्यांवर आली. ती म्हणाली, “माणसांना पुरंना, आन् एक बादली माशांपायी अडवून ठिवलीया. तीबी दोन-दोन दिस.” बोलणे रागाचे नव्हते, म्हणूनच ते लागले.

१९७२ च्या दुष्काळात ती वीस-एकवीस वर्षांची होती. सुकडी, मिलो, खडी फोडण्याची कामे हे सारे तिने पाहिले आहे. पण ती बोलते ती पाण्याविषयी. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने भरलेले, दुधासारखे गढूळ पाणी. ते घरी आणायचे, त्यात तुरटी फिरवायची, कोणाकडे निवळीच्या बिया असल्या तर त्या उगाळायच्या आणि भांडे रात्रभर हलवायचे नाही. लहान मुलांनी तहान लागली म्हणून रडले तरी हलवायचे नाही. सकाळी वरचे अलगद काढून घ्यायचे, तेच प्यायचे. आम्ही विचारले, म्हणजे त्या वर्षी शिळे पाणीच प्यायलात म्हणायचे. आत्या म्हणाली, “शिळं कशानं? निवळलेलं व्हतं ते.”

हा शब्द आम्हांस ठाऊक नव्हता असे नाही. पण पारोसे या शब्दाच्या समोर तो कोणी असा आणून ठेवला नव्हता. एकच पाणी, एकच रात्र. ज्याच्याकडे पहाटे नळ येणार आहे त्याच्या लेखी ते शिळे होते. ज्याच्याकडे दुसरे पाणीच नाही त्याच्या लेखी ते निवळते. शब्द पाण्याचा गुण सांगत नाही, सांगणाऱ्याची परिस्थिती सांगतो. आभाळ निवळते, ताप उतरल्यावर चेहरा निवळतो, भांडणानंतर घरातली हवा निवळते. या सर्व वापरांत वेळ जाऊ देणे हा दोष नसून उपाय आहे. वाङ्मयाच्या वर्गात आपण समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या लावतो; शिळे आणि निवळलेले ही जोडी कोणत्याही पुस्तकात नाही, कारण ती कोशाने जुळणारी नाही, टंचाईने जुळणारी आहे.

आत्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र शब्दाने मिळण्यासारखे नव्हते. टाकी ठेवणे ही चैन आहे काय? आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनतज्ज्ञाने १८५० साली सोनमासे, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून, वनस्पतींनी प्राणवायू द्यावा, गोगलगाईंनी कुजकी पाने खावीत आणि तिघांचे एकमेकांवर निभावून जावे, असा मेळ साधून दाखवला. चार वर्षांनी फिलिप गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ निघाले आणि इंग्लंडभर काचेच्या टाक्यांचे वेड पसरले. त्यांचा मुलगा एडमंड गॉस याने ‘फादर अँड सन’ या १९०७ सालच्या आत्मचरित्रपर पुस्तकात त्या वेडाची दुसरी बाजू नोंदवली आहे: वडिलांच्या पुस्तकांनी भारलेले संग्राहक किनाऱ्यावर लोटले आणि खडकांतली सजीव डबकी त्यांनी लुटून नेली. निसर्गावर प्रेम करायला शिकवणाऱ्या पुस्तकाने निसर्ग ओरबाडला जावा, ही वाङ्मयाच्या अभ्यासकाने विसरू नये अशी गोष्ट आहे. आपल्याकडेही केरळ-कर्नाटकातल्या ओढ्यांत राहणारा, तांबड्या पट्ट्याचा एक देखणा मासा परदेशी टाक्यांसाठी इतका पकडला गेला की तो आता संकटग्रस्त मानला जातो. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला नाव दिले ‘सह्याद्रिया’. आमच्या नळाचे पाणीही सह्याद्रीचेच. पण त्याच डोंगररांगेचा मासा आणि त्याच डोंगररांगेचे पाणी आज आमच्या घरात एकमेकांना सरळ भेटू शकत नाहीत. मध्ये रात्र घालावी लागते.

कोणत्याही टाकीतला जीव आपल्या इच्छेने तेथे आलेला नसतो. आणल्यावर मग त्याला जगवणे ही हौस राहत नाही, देणे होते. ‘मासे सोडून द्या’ हेही उत्तर नव्हे. परका मासा ओढ्यात सोडला की तेथल्या माशांवर संकट येते. तेव्हा बादली द्यावीच लागणार होती. प्रश्न फक्त ती कोणाच्या वाट्यातून द्यायची, हा होता.

मार्ग आत्यानेच काढला. तांब्याचा हंडा तिच्या पिण्याचा. पण वापरायचे पाणी आमच्याकडे स्टीलच्या पिंपात साठवतात आणि रोज पहाटे नळ आला की पिंपातले उरलेले तीन-चार लिटर ती काढून टाकते. तिचा नेम आहे. दुष्काळात तो सुटला होता, चांगले दिवस आल्यावर तिने तो पुन्हा धरला. तो सोडा असे तिला सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. आता ती ते पाणी मोरीत न ओतता गॅलरीतल्या बादलीत ओतते. चार दिवसांत बादली भरते. क्लोरीन आधीच उडालेला असतो, ऊब घरची असते. माशांसाठी वेगळे पाणी अडवण्याचे कारण उरत नाही. टाकीतून काढलेले पाणी कुंड्यांना जाते. त्यातले नायट्रेट झाडांना मानवते आणि आमच्या कढीपत्त्याची तकतकी शेजाऱ्यांच्या नजरेत भरण्याइतकी आहे. तिच्या लेखी ते पाणी अजूनही शिळेच आहे. माशांना ते लागते, एवढे तिने मान्य केले आहे. दोन्ही गोष्टी एका घरात राहू शकतात.

साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांस या गोष्टीतून काही बोध काढण्याचा मोह होईल. आम्हांसही झाला; आजचे टिपण, उद्याची परीक्षा, परवाचा नवा सिद्धान्त, असे रोज ताजे पाणी भरणाऱ्या आमच्या वर्गखोल्या डोळ्यांपुढे आल्या. पण तो मोह आवरावा असे वाटते. पाण्याविषयीची गोष्ट पाण्याविषयीच राहू द्यावी. एवढेच म्हणता येईल की ‘वस्’ या धातूला आपल्या भाषेत दोन वाटा फुटल्या. एक गेली पारोशाकडे, दुसरी वस्तीकडे. पाणी रात्रभर एका जागी राहते तेव्हा ते पहिल्या वाटेने गेले असे आपण समजतो. गप्पी मासे ते दुसऱ्या वाटेने गेले असे समजतात आणि त्यात पिले देतात.